डाइव्ह कॉम्प्युटर घेताना...

सुटीत आपल्याकडची अनेक कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात. प्रशिक्षकासोबत एकदाच पाण्याखाली जायचे असेल, तर स्वतःचे काही विकत घेऊ नका. मात्र स्कूबाचा रीतसर कोर्स करून वारंवार उतरणार असाल, तर प्रत्येकाच्या मनगटावर स्वतंत्र डाइव्ह कॉम्प्युटर हवा.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून १० मीटरवर सिलिंडरमधली हवा पृष्ठभागापेक्षा दुप्पट वेगाने संपते आणि जास्त नायट्रोजन रक्तात विरघळतो. झपकन वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, क्वचित अर्धांगही होतो.

साधा कॉम्प्युटर खोली आणि वेळेवरून नायट्रोजनचा हिशेब मांडतो. ‘एअर इंटिग्रेटेड’ प्रकारात सिलिंडरवरच्या ट्रान्समीटरमुळे उरलेल्या हवेचा दाबही दिसतो. घेताना ठळक आकडे आणि स्वतः बदलता येणारी बॅटरी पाहा. सिग्नल तुटू शकतो, म्हणून साधा दाबमापकही सोबत ठेवा.

हवेचा दाब यंत्र मोजते. तुमच्या शरीरातला नायट्रोजन मात्र अंदाजाने काढते. आदल्या दिवशीचे जुलाब किंवा जागरण त्याला कळत नाही. म्हणून मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबा. एका डाइव्हनंतर किमान १२, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानप्रवास टाळा. गाडीने परतणार असाल, तरी घाट चढण्याआधी एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करा.

घरी आल्यावर मुंग्या, अशक्तपणा जाणवला, तर डॉक्टरांना आधी डाइव्हबद्दल सांगा. कॉम्प्युटरही सोबत न्या. त्यातली नोंद निदानाला उपयोगी पडते.