गाडीचाही ‘कोरडा दिवस’!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करायचा आणि शनिवारी सकाळी डोळे उघडायचे ते थेट गगनबावड्याच्या धुक्यात. रूम शोधा, चेक-इन करा, ही भानगडच नाही. कॅरॅव्हॅनचा हा फंडा आता आपल्याकडेही रुजतोय. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आम्ही चौघा मित्रांनी तर सेकंडहॅण्ड टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बेड, ओटा, शॉवर, सगळं बसवून घेतलंय. नाद खुळा! गॅस आहे, गिझर आहे, १०० लिटरची पाण्याची टाकी आहे. आणि खरी गोम या टाकीतच आहे.

अमेरिका-कॅनडात थंडी सुरू व्हायच्या आधी अशा गाड्यांमधलं पाणी थेंबन् थेंब काढून टाकतात. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि पंप, नळ, जोड तडकतात. गंमत म्हणजे फुटलंय हे कळतं बर्फ वितळल्यावर, गाडीत तळं झालं की! आता कोल्हापुरात पारा कधी शून्यावर येणार नाही. मग आपल्याला काय त्याचं?

आहे ना! आपला ‘विंटर’ जूनमध्ये येतो. पावसात गाडी तीन-चार महिने जागेवर उभी. टाकीतलं क्लोरिन उडून जातं, पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो. लिजिओनेला नावाच्या जिवाणूला २० ते ४५ अंशांचं साचलेलं पाणी फार मानवतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेले लोक न्यूमोनियाने दगावले, तेव्हा हा प्रकार जगाला कळला. हा जिवाणू जातो तुषारांवाटे, थेट फुप्फुसात. म्हणजे शॉवर आलाच! टाकीचं झाकण सैल असेल तर डेंग्यूचे डासही आहेतच. घरातला हौद आठवड्याला कोरडा करायचा, मग गाडीला वेगळा नियम कशाला?

आमची गाडी बघणारे उद्यमनगरातले मिस्त्रीमामा दर मे महिन्यात एकच प्रश्न विचारतात, “पाणी सोडलासा का?” नुसती टाकी रिकामी करून भागत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पाणी लपून बसतं ते गिझरमध्ये, पंपात आणि शॉवरच्या पाइपात. आधी गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच त्याचा ड्रेन उघडायचा. गरम असताना हात लावाल तर भाजाल. मग गाडीखालचे ड्रेन कॉक आणि आतले सगळे नळ उघडे ठेवायचे, गरम-गार दोन्ही. पंप थोडा वेळ चालवायचा आणि नळ फुरफुरायला लागला की लगेच बंद. उरलंसुरलं पाणी कंप्रेसरच्या हवेने निघतं, पण प्रेशर ३०-४० पीएसआयच्या वर नको. थोडक्यात, कारच्या टायरइतकंच. फिल्टरची कांडी काढून ठेवायची आणि सांडपाण्याची टाकी विसरायची नाही. तिचा वास जुलैत कसा येतो ते विचारू नका!

गाडी कुठे उभी करताय तेही बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. नदीकाठचं फुकटातलं पार्किंग महागात पडतं.

डिसेंबरात स्पिती-लडाखचा प्लॅन असेल तर मात्र अस्सल विंटरायझिंगच करावं लागतं. पाणी काढून पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं. इंजिनातलं कूलंट घरात पडलंय म्हणून ते ओतायचा शहाणपणा करू नका. त्यात बहुतेक वेळा एथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे.

दसऱ्याला गाडी पूजेला काढली की टाकी पुन्हा भरायची. १०० लिटरला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली टाकायचं आणि प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडायचं. चार तास तसंच ठेवून सगळं काढायचं आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा खळखळून धुवायचं. हे पाणी भांडी-अंघोळीला. प्यायला आम्ही घरून कॅन भरून नेतो.