ब्रशलेस मोटार : खर्च मोटारीचा नव्हे, मोटारीमागच्या गाडीचा
रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकचे रूपांतर करू इच्छिणाऱ्या कारागिरांसाठी

हौसेच्या वस्तूंची दुरुस्ती हा आपल्याकडे काहीसा दुर्लक्षित राहिलेला धंदा आहे. कॅमेरा असो, शिवणयंत्र असो की रिमोटवर चालणारी मोटारगाडी, हौशी गिऱ्हाईक भावात फारशी घासाघीस करीत नाही. परंतु काम बिघडले तर ते दहा जणांना सांगितल्याशिवायही राहत नाही. मॉन्स्टर ट्रकला ब्रशलेस मोटार बसवून देणे हे असेच एक काम. दिसायला सोपे, मजुरी बरी देणारे आणि अंदाज चुकला तर दुकानाचे नाव घालवणारे. मोटार बसवायला एक दुपार पुरते. खरा प्रश्न तिची ताकद बाकीच्या गाडीला पेलेल काय, हा आहे.

खेळणे नव्हे, लहान यंत्र

अमेरिकेत सेंट लुईस भागातील बॉब चँडलर यांनी १९७० च्या दशकात आपल्या फोर्ड पिकअपला प्रचंड टायर बसवून ‘बिगफूट’ तयार केली. तेथून मॉन्स्टर ट्रकचे वेड पसरले. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’ हा रिमोटचा ट्रक बाजारात आणला. त्यात पुढच्या व मागच्या आसावर एकेक मोटार होती. पुढे १९९९ मध्ये ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीने नायट्रो इंधनावर चालणारा ‘टी-मॅक्स’ काढला आणि त्यापाठोपाठ विजेवर चालणारा ‘ई-मॅक्स’ आला.

ई-मॅक्स हे आपल्या विषयाचे उत्तम उदाहरण होय. चार-पाच किलो वजनाच्या या गाडीत कार्बन ब्रशच्या दोन मोटारी एकाच गिअरबॉक्सवर जोडलेल्या होत्या आणि ७.२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून १४.४ व्होल्ट देत. हौशी लोकांनी या दोन मोटारी काढून तेथे एकच ब्रशलेस मोटार बसवण्यास सुरुवात केली. कॅन्सस राज्यातील कॅसल क्रिएशन्स या कंपनीचा ‘माम्बा मॉन्स्टर’ हा स्पीड कंट्रोलर आणि २२०० केव्हीची मोटार हा जोड या कामासाठी विशेष गाजला. पुढे ट्रॅक्ससने स्वतःच ब्रशलेस ई-मॅक्स विकायला काढला.

ब्रश गेल्याने काय साधते?

जुन्या मोटारीत कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासतात आणि वाइंडिंगला वीज पोचवतात. या घासण्याने ठिणग्या उडतात, उष्णता निर्माण होते, कार्बन झिजतो. ब्रशलेस मोटारीत रचना उलटी असते. वाइंडिंग स्थिर, चुंबक फिरता. कोणत्या वाइंडिंगला केव्हा वीज द्यायची हे काम कंट्रोलर करतो, म्हणून मोटारीला दोनऐवजी तीन तारा असतात. झिजण्यासारखे फक्त बेअरिंग उरते. घराघरांत आलेला बीएलडीसी पंखा याच तत्त्वावर चालतो. म्हणजे हे काम शिकलेल्या हाताला पुढे पंख्याचे आणि विजेच्या दुचाकीचे कामही परके वाटणार नाही.

व्होल्ट वाढवा, अँपिअर घटवा

मोटारीवर छापलेला ‘केव्ही’ हा आकडा म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. दर व्होल्टमागे, भार नसताना, मोटार मिनिटाला किती फेरे घेईल तो हा आकडा. २२०० केव्हीची मोटार १४.८ व्होल्टच्या चार सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर सुमारे ३२,५०० फेरे घेईल, तर २२.२ व्होल्टच्या सहा सेलवर सुमारे ४८,८००. दुकानात येणारे तरुण गिऱ्हाईक जास्त केव्हीची मोटार मागते. जड गाडीसाठी ही मागणी बहुधा चुकीची असते.

हिशोब सरळ आहे. हजार वॅट ताकद हवी असेल तर ७.४ व्होल्टवर १३५ अँपिअर ओढावे लागतात, १४.८ व्होल्टवर ६८ आणि २२.२ व्होल्टवर फक्त ४५. अँपिअर दुप्पट झाले की तारेत व सांध्यात होणारी उष्णता चौपट होते. सबब, मोठ्या ट्रकला कमी केव्ही व जास्त व्होल्ट हेच शहाणपणाचे. ई-मॅक्सच्या बाबतीत चार सेल म्हणजे जवळपास मूळचेच व्होल्ट. सुरुवात तेथूनच करावी. सहा सेलवर जाण्याआधी कंट्रोलर तेवढे व्होल्ट सोसणारा आहे ना, हे पाहून घ्यावे.

काय तुटते?

कारखान्याने गाडीचे सर्व भाग मूळच्या मोटारीच्या जोराला पुरतील असे बनवलेले असतात. ब्रशलेस मोटार पहिल्या क्षणीच पूर्ण जोर लावते. मग सर्वांत कच्ची कडी आधी तुटते. बहुधा क्रम असा असतो : प्रथम स्पर गिअरचे दाते, मग चाकांकडे जाणारे प्लॅस्टिकचे शाफ्ट, मग डिफरेन्शियल. एक भाग पक्का केला की जोर पुढच्या भागावर जातो.

म्हणून शाफ्ट पोलादी घ्यावेत. डिफरेन्शियल उघडून दात्यांमधील सैलपणा पातळ वॉशरने काढावा. दोन गिअरची पेटी असेल तर ती एकाच गिअरवर कायम करावी. स्लिपर क्लच, म्हणजे झटका बसल्यावर थोडा घसरणारा क्लच, मुळीच बाद करू नये. तोच गाडीचा फ्यूज आहे. तो पूर्ण आवळून दिला की गाडी दुकानासमोर जोरात पळते आणि आठवड्याने परत येते.

टायरकडेही लक्ष द्यावे. मॉन्स्टर ट्रकचे टायर पोकळ असतात. वेगात ते फुग्यासारखे ताणून रिमपासून सुटतात किंवा फाटतात. आतून मजबूत पट्टी लावल्यास हा त्रास कमी होतो.

नायट्रोची गाडी बदलताना

टी-मॅक्ससारख्या इंधनाच्या गाडीचे काम थोडे वाढते. इंजिन, टाकी, सायलेन्सर, क्लच बेल आणि थ्रॉटलचा सर्व्हो काढावा लागतो. इंजिनाच्या जागी मोटारीचा ब्रॅकेट बसतो आणि बॅटऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना ट्रे बनवावे लागतात. वजन एका अंगाला झाले तर गाडी वळणावर उलटते. रिव्हर्स व ब्रेक आता कंट्रोलर देतो. त्यामुळे गिअरपेटीतील रिव्हर्सची यंत्रणा काढून ती पुढच्या गिअरवर बांधून टाकावी. रिसीव्हरला वीजही कंट्रोलरमधूनच मिळते, म्हणून त्याची जुनी वेगळी बॅटरी काढून टाकावी.

गिअर बसवण्याची रीत

पिनियन व स्पर गिअरचे दाते एकाच मापाचे हवेत. दोहोंमध्ये साध्या कागदाची पट्टी ठेवून मोटार आवळावी आणि पट्टी काढून घ्यावी. तेवढी फट पुरते. सुरुवात नेहमी लहान पिनियनने करावी. समजा मोटारीपासून चाकापर्यंतचे एकूण प्रमाण २० ला १ आहे आणि टायरचा घेर ४६ सेंटिमीटर. तर वरील मोटार चार सेलवर कागदोपत्री ताशी ४५ किलोमीटर आणि सहा सेलवर ६७ किलोमीटर वेग देईल. पाच किलोची वस्तू या वेगाने कुणाच्या पायावर आली तर हाड मोडू शकते. चाचणी गल्लीत नको, मोकळ्या मैदानातच घ्यावी.

पहिली जोडणी पिनियन गिअरपासून सुटा ठेवून तपासावी. मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. मग गाडी तीन-चार मिनिटे चालवून मोटारीचे तापमान मोजावे. साध्या इन्फ्रारेड तापमापकाने हे काम होते. ८० अंश सेल्सियसच्या वर आकडा गेला तर पिनियन एक-दोन दात्यांनी लहान करावा. गाडी गरम होते म्हणून पंखा लावून देणे हा उपाय नव्हे, दुखणे झाकणे आहे.

बॅटरीत काटकसर नको

लिथियम पॉलिमर सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. म्हणून कंट्रोलरमधील कमी व्होल्टला गाडी थांबवणारी सोय चालू आहे ना, हे गाडी देण्याआधी तपासावे. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा, बॅलन्स पद्धतीचाच हवा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने चार्ज करावी. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरू नये आणि चार्जिंग लावून झोपू नये. अशा बॅटरीने पेट घेतला तर आग आवरणे कठीण असते. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडायच्या तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि सारख्याच भरलेल्या असाव्यात. जुने पांढरे प्लग हा करंट सोसत नाहीत. जाड तार आणि जाड कनेक्टर घ्यावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अशी किरकोळ सामग्री मिळते.

एस्टिमेट कसे द्यावे?

गाडीचे खास सुटे भाग बहुतांशी परदेशातून येतात. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. आपला भाग कोणत्या सदरात मोडतो आणि आजचा दर काय, हे मागवण्याआधीच विचारून घ्यावे. अन्यथा नफा कस्टममध्येच जातो.

गिऱ्हाइकाला कागदावर चार रकाने करून द्यावेत : मोटार व कंट्रोलर, बॅटरी व चार्जर, शाफ्ट, गिअर व डिफरेन्शियलचे काम, मजुरी. बरेच जण पहिला रकाना पाहून आलेले असतात आणि बाकीचे तीन पाहून थबकतात. थबकू द्यावे. काही जण परतही जातील. ज्याला पूर्ण खर्च परवडत नाही त्याला चार सेल, लहान पिनियन आणि सैल स्लिपरची सौम्य जोडणी सुचवावी. गाडी जुन्यापेक्षा तरीही चांगली पळते. काय बदलले नाही आणि त्यामुळे काय तुटू शकते, हेही त्याच कागदावर लिहून सही घ्यावी.

फक्त मोटार विकून मोकळे होणाऱ्याची त्या दिवशीची कमाई लवकर होते. पूर्ण हिशोब दाखवणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक दुसरी गाडी आणि सोबत मित्रही घेऊन येते. ज्यांच्याकडे सोल्डरिंगचा हात, मल्टिमीटर आणि थोडा धीर आहे, अशा तरुणांनी आधी स्वतःची एक जुनी गाडी घेऊन ती मोडेपर्यंत चालवावी. कोणता भाग केव्हा तुटतो हे एकदा हाताला कळले की एस्टिमेट आपोआप खरे लिहिले जाते.