लांबलेल्या थंडीनंतर हापूसच्या फांदीवर काय पाहावे?

पांगारा आणि काटेसावर फुलली म्हणजे ऋतू पालटू लागला, हे खरे. पण त्यावरून बागेतील कामे ठरवता येत नाहीत. त्यासाठी कलमाच्या काडीचे टोकच पाहावे लागते.

रात्री गार असल्या की हापूसच्या पक्व काडीवरील डोळा मोहोराकडे वळतो. रात्री उबदार राहिल्या तर त्याच डोळ्यातून पालवी येते. बोंगा फुटू लागताच तो हळूच उलगडून पाहावा. आत बारीक दाण्यांसारख्या कळ्या असतील तर मोहोर, नुसती तांबूस कोवळी पाने असतील तर पालवी. कधी दोन्ही एकत्रही येतात.

थंडी लांबली की खरी अडचण पुनर्मोहोराची असते. पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी फळे धरलेली असताना त्याच काडीवर नवा मोहोर येतो. अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची फळे गळतात. बाजारात लवकर जाऊन चांगला दर मिळवणारा आंबा हाच, त्यामुळे नुकसान मोठे होते. पुनर्मोहोर टाळण्यासाठी जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम (२० लिटर पाण्यात १ ग्रॅम) फवारतात: पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी फळे वाटाण्याएवढी असताना. पावडर पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी. ही फवारणी पुनर्मोहोर येऊ नये म्हणून आहे. आलेल्या मोहोरावर तो इलाज नव्हे. तेव्हा लहान कलमांवर, हात पोहोचेल तेथे, फळे असलेल्या काडीवरचा नवा मोहोर खुडून टाकता येतो.

फळे नसलेल्या काडीवर उशिरा आलेला मोहोर मात्र वाया गेला असे समजू नये. कडक थंडीतील मोहोरात नर फुलांचे प्रमाण जास्त असते. ऊब वाढताना आलेल्या मोहोरात संयुक्त फुले तुलनेने अधिक मिळतात. फळ उशिरा तयार होऊन पावसात सापडण्याची जोखीम तेवढी धरून चालावे.

गार रात्री, उबदार दिवस आणि ढगाळ हवा असेल तर भुरीवर लक्ष ठेवावे. हवा कोरडी व उष्ण होऊ लागली की फुलकिडे वाढतात. पांढऱ्या कागदावर मोहोर झटकला की ते दिसतात, तुडतुडेही कळतात. फुले उमललेली असताना कीटकनाशक शक्यतो टाळावे, कारण परागीभवन माश्या-मधमाश्याच करतात.

दुपारचे ऊन चटके देऊ लागले की पाण्याची सोय असलेल्यांनी वाटाण्याएवढ्या फळांपासून झाडाला १५० ते २०० लिटर पाणी दर १५ दिवसांनी, तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन करावे. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करावे.