घरातला बार, काँट्रॅक्टर आणि ऐकीव गोष्टी

सहा फुटांचा काउंटर, मागे बाटल्यांची मांडणी, खाली छोटा फ्रिज, कोपऱ्यात ग्लास विसळण्यापुरतं सिंक. दिवाणखान्यात असा बार करून घेण्यात आता पुण्या-ठाण्यात कुणाला नवल वाटत नाही. तक्रारी ऐकू येतात त्या काम झाल्यावर, आणि त्या बहुतेक काँट्रॅक्टरच्या असतात. त्यातल्या काही रास्त असतात. पण बऱ्याच भांडणांचं मूळ काम सुरू होण्याआधीच्या एखाद्या ऐकीव समजुतीत सापडतं.

एवढ्याशा जागेत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ग्रॅनाइटवाला आणि काचवाला असे पाच जण हात घालतात. स्वयंपाकघरातही हेच पाच जण असतात, पण ओटा प्रत्येकाने आयुष्यभर केलेला असतो. कुणाचं काम कुठे संपतं ते न सांगता कळतं. बार क्वचितच केलेला असतो. म्हणून दोघांच्या मधलं काम कुणाचंच नसतं, आणि बिघडतं ते तिथेच.

“माप सुताराला ठाऊक असतं”

ओट्याचं ठाऊक असतं. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. उंच स्टुलांवर बसायचा बार ४२ इंचांच्या आसपास लागतो आणि स्टुलाची बैठक ३० इंचांच्या आसपास. बैठक आणि काउंटरचा वरचा दगड यांत दहा-बारा इंच अंतर हवं, नाहीतर मांड्या अडकतात किंवा कोपर खांद्यापाशी येतं. गुडघ्यांसाठी दगड आठ-दहा इंच पुढे काढावा लागतो. हे रेखाचित्रात नसेल तर सुतार हाताला सवय असलेलं माप घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खरी गंमत मागच्या मांडणीत होते. ७५० मिलीची नेहमीची बाटली सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १२ इंच उंच असते. मालक म्हणतो, “बारा-बारा इंचांवर फळ्या घ्या.” सुतार फळीच्या मध्यापासून पुढच्या फळीच्या मध्यापर्यंत बारा इंच मोजतो. त्यातून १८ मिलिमीटरचा प्लाय वजा केला की आत उरतात २८७ मिलिमीटर. बाटली उभी राहतच नाही! आता चूक कुणाची? दोघेही “बारा इंचच ठरलं होतं” म्हणतात आणि दोघेही खरं बोलत असतात. “आतलं मोकळं अंतर १४ इंच” एवढे शब्द चित्रावर असते आणि खाली दोघांच्या सह्या असत्या, तर हा वाद झालाच नसता. सह्या केलेलं मापाचं चित्र लांबलचक करारनाम्यापेक्षा जास्त भांडणं वाचवतं, असं माझं मत आहे.

“मरीन प्लाय वापरला की पाण्याची काळजी नाही”

मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग थर सुटतात का ते पाहतात. म्हणजे परीक्षा प्रामुख्याने थर धरून ठेवणाऱ्या डिंकाची असते. आतलं लाकूड पाणी पितंच, आणि ते पितं कापलेल्या कडेतून. सिंकसाठी कापलेल्या भोकाची कड, पाइपासाठी पाडलेलं छिद्र, जमिनीला टेकलेली खालची पट्टी या जागा उघड्या राहिल्या तर प्लायवर कुठलाही नंबर असो, दोन पावसाळ्यांत लॅमिनेट फुगू शकतं. कडा सील करणं कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्यावं. सुतार म्हणतो ते प्लंबरचं काम, प्लंबर म्हणतो सुताराचं. उलट, जिथे पाणी पोहोचतच नाही त्या वरच्या मांडणीला मरीन लावणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. तिथे आयएस ३०३ मधला चांगला प्लाय पुरतो.

“७१० लिहिलंय ना, मग झालं” हाही भ्रमच. नुसते आकडे कुणीही छापतो. खऱ्या मालावर आयएसआयचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. हे बघायचं ते ट्रक खाली होताना, आणि फोटो त्याच वेळी काढायचा. लॅमिनेट चिकटल्यावर आत काय आहे हे मालकालाच काय, दुसऱ्या सुतारालाही फळी कापल्याशिवाय सांगता येणार नाही.

“इटालियन मार्बल म्हणजे शेवटचा शब्द”

देवघरात असेल. मार्बल हा कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस किंवा वाइन सांडली की आम्ल त्याची चकाकी खातं. सीलर डाग मुरू देत नाही, पण हे खरवडणं थांबवत नाही. ज्या काउंटरवर रोज लिंबू कापायचं तिथे आपला काळा ग्रॅनाइट बरा.

“काच नंतर जागेवर कापून बसवू”

टफन काच भट्टीतून आली की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. म्हणून सुतारकाम पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष खाच मोजूनच काच मागवायची. काँट्रॅक्टरला मात्र घाई असते, तो चित्रावरून मागवतो. मग भिंत पाच मिलिमीटर वाकडी निघाली (नव्या इमारतींतही निघते) की काच बसत नाही आणि “पुन्हा करायचा खर्च तुमचा” असं ऐकावं लागतं. मोजमाप कुणी घ्यायचं आणि चुकलं तर काच कुणी भरून द्यायची, हे आधी ठरवावं. साधी काच लावून वेळ मारून नेऊ देऊ नये. भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते. तीस बाटल्या म्हणजे पस्तीस-चाळीस किलो वजन डोक्याच्या उंचीवर.

“भिंतीत कोनाडा काढून देतो, साधी पार्टिशन भिंत आहे”

ही समजूत सगळ्यांत महागात पडते. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच उंच इमारती ‘मायवान’ पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. त्यांत वीट नसतेच. खोल्यांमधल्या बारीक वाटणाऱ्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या आणि अनेकदा इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात. तिथे कोनाडा कोरणं किंवा सिंकच्या निचऱ्यासाठी बीममधून कोअर मारणं म्हणजे सगळ्या मजल्यांच्या जिवाशी खेळ. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत हवं. काँट्रॅक्टरचं “होऊन जाईल साहेब” इथे चालत नाही.

सिंकचंही तसंच. दिवाणखान्याच्या लादीखाली बाथरूमसारखं वॉटरप्रूफिंग नसतं आणि निचऱ्याला उतार द्यायला खोलीही नसते. पाणी खालच्या घरात उतरलं तर सोसायटी हात वर करते, कारण आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतल्या सिंक-संडासाच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा. बिल्डरकडे जावं, तर रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायची त्याच्यावर सक्ती आहे खरी, पण तुमच्या प्लंबरने जिथे छिन्नी चालवली तिथे तो नेमकं बोट ठेवणार. आणि “रेरात जातो” ही धमकी इंटीरिअर काँट्रॅक्टरला द्यायची तर वायाच जाते. तो प्रवर्तक नाही. माझं विचाराल तर सिंक स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून येत नसेल, तर ते काढूनच टाकावं. ग्लास चार पावलांवर विसळता येतात.

“स्क्वेअर फुटाचा दर कळला म्हणजे खर्च कळला”

कशाचा स्क्वेअर फूट? काही जण फक्त समोरून दिसणारी लांबी-उंची मोजतात, काही जण आतल्या फळ्या वेगळ्या धरतात, काही जण काउंटर रनिंग फुटावर आणि मांडणी स्क्वेअर फुटावर लावतात. बिजागऱ्या, चॅनल, आतलं लॅमिनेट, दिव्यांची पट्टी, पॉलिश, माल वर चढवायची मजुरी हे दरात आहे की नाही, यावर शेवटची रक्कम बरीच हलते. वर १८ टक्के जीएसटी. तो नोंदणी असलेल्याच काँट्रॅक्टरला लावता येतो आणि बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. “बिल नको असेल तर तेवढे वाचतात” हा प्रस्ताव गोड असतो. पण काम फसलं की आपण किती दिले हे सिद्ध करायला तेच बिल लागतं.

आगाऊ रकमेबद्दल दोन टोकं दिसतात. निम्मे पैसे आधी द्यायची रीतच आहे म्हणणारे एकीकडे. पूर्ण झाल्याशिवाय दमडी देणार नाही म्हणणारे दुसरीकडे. रीत कसलीही नाही, जे ठरेल ते. माल उतरला आणि तपासला, सांगाडा उभा राहिला, दगड-काच बसली, दिवे लागले अशा टप्प्यांना पैसे बांधावेत आणि पाच-दहा टक्के अनामत महिनाभर मागे ठेवावी. फ्रिज चालू ठेवून आठवडा काढला की खाली हवा खेळायला जाळी सोडली होती का, ते आपोआप कळतं. मागून उष्णता टाकणारा फ्रिज बंद खणात कोंबला तर त्याचा काँप्रेसर तापून तापून दम टाकतो. आणि इथे काँट्रॅक्टरचीही बाजू आहे. मालक रोज लॅमिनेट बदलतो, हँडल बदलतो, आणि उशिराचा ठपका त्याच्यावर ठेवतो. बदल सांगितला की त्याचे पैसे आणि वाढलेले दिवस त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून “ठीक आहे” घ्यावं. दोघांचंही रक्षण होतं.

“स्टॅम्प पेपर नव्हता, आता काही करता येत नाही”

करता येतं. करार साध्या कागदावरही होतो, तोंडीही होतो; अडचण सिद्ध करण्याची असते. मुद्रांक कमी पडला तर तो दंडासह नंतर भरता येतो. बँकेतून गेलेले पैसे, मेसेज, फोटो हा पुरावाच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोन बदलताना जुन्या चॅट उडवू नयेत.

“उशीर झाल्यास दिवसाला हजार रुपये दंड” असं कलम घालून निर्धास्त होणारेही आहेत. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशी लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई, सरसकट दंड नाही.

“पोलिसात गेलं की वठणीवर येतो”

पैसे घेऊन काम अर्धवट सोडलं म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच लबाडीचा हेतू होता हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून चौकीत बहुतेकदा “हे दिवाणी आहे” असं ऐकायला मिळतं. राग आला म्हणून सुताराची हत्यारं अडकवून ठेवू नयेत. त्यातून उलट तुमच्याविरुद्धच तक्रार उभी राहते, आणि रंधा-करवती बिचाऱ्या कारागिराच्या असतात, काँट्रॅक्टरच्या नव्हे.

नेमका रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष निघाली की जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि काँट्रॅक्टरचं दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत मात्र दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. दुसऱ्याकडून काम पुरं करून घ्यायचं असेल, तर आधी लेखी नोटीस द्या, आहे त्या स्थितीचे तारखेसह फोटो घ्या आणि त्रयस्थ आर्किटेक्टकडून किंवा इंजिनिअरकडून अहवाल लिहून घ्या. नवा सुतार जुनं काम उखडून बसला की पुरावा भंगारात गेलेला असतो.

“घरात प्यायला कसला परवाना?”

गोव्यात नाही लागत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम अजून जिवंत आहे आणि मद्य बाळगायला, प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकीच्या मद्यासाठी २५. परवान्यावर किती साठा ठेवता येतो त्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे शंभर बाटल्यांची मांडणी चितारण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारणा करावी. सावंतवाडीमार्गे येताना डिकीत घातलेल्या गोव्याच्या बाटल्यांवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं. त्या आगाऊ परवान्याविना आणलेल्या असतील तर मांडणीत सजवणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच मांडून ठेवणं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदीच आहे, तिथे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. इतरत्र एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत आणि आजन्म परवाना हजार रुपयांत मिळतो. बारच्या एका बऱ्या स्टुलालाही याहून जास्त पडतात.