ट्रंकेतला तिसरा कागद

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात, तिचे रेकॉर्ड ऑफिसही इथेच. त्यामुळे निपाणी, चिकोडी, खानापूर भागात फौजीच्या घरी काळी ट्रंक हमखास सापडते. तीत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा पीपीओ असतो आणि एखादे वेळी वैद्यकीय मंडळाचा इंग्रजी कागद. हा तिसरा कागद घरात कुणी नीट वाचलेला नसतो. आजोबा मराठी शाळेतले, नातवंडे कन्नड माध्यमातली, आणि निर्णय इंग्रजीत!

‘अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही, सेवेने बळावलेलेही नाही’ अशा अर्थाची एक ओळ त्यावर असली की अपंगत्व पेन्शन नाकारली जाते. लढाईत गोळी लागली तर फारसा वाद नसतो. वाद होतो तो रक्तदाब, फेफरे, मानसिक आजार अशा दुखण्यांत.

धरमवीर सिंग सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली शिपाई म्हणून भरती झाले. फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के. पेन्शन मात्र नाही, कारण आजार ‘प्रकृतीतलाच’ ठरवला गेला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ जुलै २०१३ रोजी निकाल लागला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असे धरावे, तसे नाही म्हणायचे तर मंडळाने कारणे लिहावीत, संशयाचा फायदा जवानाला. धडधाकट पोरगा निवडून नेला आणि आजारी परत पाठवला, तर हिशेब कुणी द्यायचा? न्यायालयाने सरळ व्यवहार पाहिला, असे मला वाटते.

अपंगत्व किमान २० टक्के लागते. मान्य झाल्यावर ५० च्या आतले ५० टक्के धरले जाते. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ आहे, हे १० डिसेंबर २०१४ च्या निकालाने पक्के झाले. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नवे नियम आले आहेत, म्हणून बाहेर पडल्याची तारीख आधी पाहावी. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे, मग अपील, आणि तिथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. कागद लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मागावी.

आपल्या भागातली खरी अडचण नावाची. लग्नात सुनेचे नाव बदलायची आपल्याकडे रीत. फौजेच्या नोंदीत एक नाव, कन्नड रेशनकार्डावर दुसरे, आधारवर तिसरेच स्पेलिंग. पुढे कुटुंब पेन्शन याच नावावर अडते. जवान हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसमधून ते दुरुस्त करून घ्यावे. तेव्हा त्याची सही मिळते.