तीन लिप्या, एक कळफलक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ न पेलणारा, पण अजून धडधाकट असलेला संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे केव्हाही शहाणपणाचे. त्यापुढचा सल्ला मात्र बहुतेकदा थीम, आयकॉन आणि वॉलपेपर यांतच अडकतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात आधी कळफलक लावावा, असे माझे ठाम मत आहे. इथे सरकारी अर्ज कन्नडमध्ये, मंडळाचे पत्रक मराठीत आणि ईमेल इंग्रजीत लिहायची वेळ एकाच माणसावर येते. तिन्ही लिप्या सहज उमटत नसतील, तर डेस्कटॉप कितीही देखणा असला तरी कामाचा नाही.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नडचे इनस्क्रिप्ट लेआउट जोडावेत आणि भाषा बदलायची कळ तिथेच ठरवावी. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांच्या सामाईक वर्णमालेवर बेतलेली आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणातही ती आली. मराठीत क ज्या कळेवर, कन्नडमध्येही त्याच कळेवर. ‘बेळगाव’ लिहायला वाय, एस, शिफ्टसह एन, आय, ई, बी दाबायचे. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ लिहिताना तिथला ऱ्हस्व एकार हवा म्हणून एसऐवजी झेड आणि शेवटी वेलांटीसाठी एफ. बाकी बोटे जिथल्या तिथे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला कन्नड टायपिंग पहिल्यापासून गिरवावे लागत नाही, हा फायदा सीमाभागात फार मोठा आहे. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्यसुद्धा शिफ्टसह जे दाबून, हलन्त आणि य जोडला की नीट उमटतो.

मोबाइलवर रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांना हे सगळे किचकट वाटेल, आणि सुरुवातीचे काही दिवस ते किचकट असतेही. त्यांच्यासाठी त्याच यादीत ‘कागप’ हा उच्चारानुसारी लेआउट आहे. हे नाव कन्नड गणक परिषदेच्या आद्याक्षरांचे, आणि तो मराठीसाठीही उपलब्ध आहे. भाषेवरून इतकी वर्षे तापलेल्या या भागात मला ही देवाणघेवाण मोलाची वाटते. खरी अडचण डीटीपीवाल्यांची आहे. श्रीलिपी आणि नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉण्टांतल्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. त्या फॉण्टशिवाय उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. पण तो दोष लिनक्सचा नव्हे, ते फॉण्ट नसलेल्या विंडोजवरही हेच होते. अशा फायलींवर रोजचे काम चालणाऱ्या दुकानाने एक जुना संगणक नेटशिवाय राखून ठेवावा, आणि नवा मजकूर आजपासून युनिकोडमध्येच घ्यावा.