पहिले एक हजार दिवस

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे लहान बाळ असेलच. ते किती झपाट्याने वाढते, हे तुम्ही पाहिले आहे का? जन्मताना निरोगी बाळाचे वजन साधारणपणे ३ किलो असते. पाच-सहा महिन्यांत ते दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. इतक्या वेगाने माणूस पुन्हा कधीही वाढत नाही.

या वाढीसाठी शरीराला पुरेसे व सकस अन्न लागते. ते सतत कमी पडले, तर त्याला कुपोषण म्हणतात. अन्न कमी पडले की शरीर आधी साठवलेली चरबी वापरते, मग स्नायू झिजवते. हृदय व श्वास चालू राहावा म्हणून ते उंचीची वाढ थांबवते. रोगांशी लढण्याची ताकदही कमी होते. मग वारंवार जुलाब होतात, भूक मंदावते आणि मूल आणखी अशक्त होते.

कुपोषणाची दोन रूपे लक्षात ठेवा. उंचीच्या मानाने वजन कमी असेल, तर मूल कृश असते. योग्य आहार व उपचार मिळाले, तर ते काही आठवड्यांत सावरू शकते. वयाच्या मानाने उंची कमी असेल, तर मूल खुजे असते. हे पटकन ध्यानात येत नाही. ‘आमच्या घराण्यात सगळे ठेंगणेच’ असे म्हणून लोक दुर्लक्ष करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले खुजी आढळली.

उंचीबरोबर मेंदूचाही प्रश्न असतो. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात लोह व आयोडीन कमी पडले, तर पुढे शिकणे व लक्ष देणे जड जाते. म्हणून आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस फार मोलाचे आहेत. ते हातचे गेले, तर नुकसान पूर्णपणे भरून काढणे कठीण असते.

कुपोषणाचे एक मोठे कारण गरिबी आहे. पण अज्ञानही आहे. चहा-बिस्किटाने बाळाचे पोट भरते, पोषण होत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतर दुधाबरोबर मऊ खिचडी, घट्ट डाळ, कुस्करलेली भाजी, अंडे, फळे थोडी थोडी द्यावीत. गरोदर आईनेही सर्वांत शेवटी, उरलेले जेवू नये.

मित्रांनो, तुम्ही काय करू शकता? २ ऑक्टोबर १९७५ पासून आपल्या देशात अंगणवाडीची योजना चालू आहे. अंगणवाडीत बाळाचे वजन करून तक्त्यावर नोंदवतात. धाकट्या भावंडाला घेऊन अम्मीबरोबर तेथे जा आणि तो तक्ता वाचा. रेषा वर चढत असेल, तर बाळ वाढत आहे. ती सपाट झाली किंवा खाली आली, तर वाट पाहू नका. लगेच ताईंना विचारा व बाळाला दवाखान्यात न्या. तुम्हाला वाचता येते, याचा पहिला फायदा घरातल्या सर्वांत लहान जिवाला होऊ द्या.